शाळेच्या बागेचा गल्ला

मुलांच्या शाळेत बागेचे मंडळ असते. त्यात पालकांना मदतीला बोलावतात. मुले रोपे लावतात, कुंड्या रंगवतात, पणत्या सजवतात, वाळवलेल्या फुलांच्या वाचनखुणा करतात, आणि दिवाळीच्या किंवा वार्षिक फुलोत्सवाच्या जत्रेत या वस्तू विकायला ठेवतात. तुम्ही अशा कामाला वेळ देत असाल किंवा देणार असाल, तर हा पाठ तुमच्यासाठी आहे.

इथे उलाढाल थोडी असते. दहा-पंधरा हजारांपलीकडे गल्ला क्वचितच जातो. पण घरखर्चात, बचतगटात आणि छोट्या धंद्यात पैशाचे जे प्रश्न येतात, ते सगळे या लहानशा गल्ल्यातही येतात. भांडवल कोणी घातले? खर्च नेमका किती झाला? नफा कशाला म्हणायचे? उरलेले पैसे कोणाचे? या चार प्रश्नांची उत्तरे लिहून ठेवली नाहीत, तर चांगल्या मनाने सुरू केलेले काम दुसऱ्या वर्षी रुसव्याफुगव्यात बंद पडते. लिहून ठेवली, तर तेच मंडळ काही वर्षांत स्वतःच्या पायावर उभे राहते. ते कसे, हे आपण आकडे मांडून पाहू.

मंडळ आणि त्याचा हंगाम

केंद्र सरकारने २००१-०२ मध्ये राष्ट्रीय हरित सेना ही योजना सुरू केली आणि देशभरच्या शाळांतून पर्यावरण मंडळे निघाली. महाराष्ट्रातल्या पालकांना हे नाव ओळखीचे आहे. दिल्लीत आणि आसपासच्या नोएडा, गुरुग्राम, गाझियाबाद, फरीदाबाद भागात बहुतेक शाळांत याला 'इको क्लब' म्हणतात. कुठे सरकारी अनुदान मिळते, कुठे शाळा थोडा खर्च करते. बाकीचा भार हस्तकलेच्या विक्रीवर असतो.

दिल्लीचे हवामान या कामाचे वेळापत्रक ठरवते. मे-जूनच्या उन्हात कुंडीतले रोप तग धरत नाही आणि तेव्हा शाळेलाही सुट्टी असते. खरे काम जुलैच्या पावसापासून सुरू होते. ऑगस्टमध्ये लावलेला झेंडू दिवाळीला फुलतो. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये पेरलेली हिवाळी फुले फेब्रुवारी-मार्चमध्ये ऐन बहरात येतात. म्हणजे विक्रीचे हंगाम वर्षातून दोनच: दिवाळी आणि मार्च. पैसे मात्र त्याआधी दोन-तीन महिने घालावे लागतात. शेतकऱ्याला हे सांगावे लागत नाही. पगारावर घर चालवणाऱ्यांना मात्र पैसा आधी जातो आणि मग येतो, हे नीट समजून घ्यावे लागते.

विक्री म्हणजे कमाई का?

एक उदाहरण घेऊ. आकडे हिशेब समजावा म्हणून धरलेले आहेत. तुमच्या मंडळाचे आकडे त्यांच्या जागी घाला.

समजा, पाच पालक आणि वीस मुले मिळून दिवाळीच्या जत्रेची तयारी करतात. सुरुवातीला लागणारे ६,००० रुपये पाच पालक प्रत्येकी १,२०० रुपये घालून उभे करतात.

पणत्या: उत्तम नगरच्या कुंभारांच्या वस्तीतून ४०० पणत्या आणल्या, १,००० रुपये. रंग, ब्रश, गोंद आणि वॉर्निश ९०० रुपये. चार पणत्यांचा एक संच अशी १०० खोकी, ६०० रुपये. रिक्षाभाडे ३०० रुपये. एकूण खर्च २,८०० रुपये. एका संचाची किंमत ठेवली ६० रुपये.

रंगवलेल्या कुंड्या: मातीच्या ५० लहान कुंड्या, १,२५० रुपये. माती आणि नारळाचा भुसा ३५० रुपये. रंग २०० रुपये. रोपे मुलांनीच कलमे लावून तयार केली. एकूण १,८०० रुपये. किंमत ८० रुपये.

वाचनखुणा: जाड कागद, चिकटवायची पारदर्शक फिल्म आणि दोरे, १५० नगांसाठी ६०० रुपये. किंमत २० रुपये.

फलक आणि टेबलावरचे कापड हा सगळ्यांचा मिळून खर्च ८०० रुपये.

सगळा खर्च झाला ६,००० रुपये.

जत्रेत पणत्यांचे ८० संच गेले, म्हणजे ४,८०० रुपये आले. आठ संच ने-आण करताना फुटले आणि १२ उरले. कुंड्या ४० गेल्या, ३,२०० रुपये. वाचनखुणा ११० गेल्या, २,२०० रुपये. गल्ल्यात जमले १०,२०० रुपये.

संध्याकाळी कोणीतरी माईकवर सांगते, "आपल्या बागेच्या मंडळाने आज १०,२०० रुपये कमावले!" टाळ्या पडतात. पण ही कमाई नाही, विक्री आहे. त्यातले ६,००० रुपये पालकांचे आहेत आणि ते आधीच खर्च झालेले आहेत. ते वजा केले की उरतात ४,२०० रुपये.

मुलांसमोर आकडा सांगताना हा फरक न चुकता सांगा. भाजीवाला दिवसाला पाच हजारांचा माल विकतो म्हणून त्याला रोज पाच हजार मिळतात, असे समजणारी माणसे मोठी झाल्यावरही भेटतात. ती समजूत दहाव्या वर्षी दुरुस्त झाली, तर पुढे कर्ज काढताना आणि धंदा करताना कामी येते.

मुद्दल कधी सुटते?

वस्तू करायला घेण्याआधी एक गणित करा. एकूण खर्चाला एका नगाच्या किमतीने भागा. येणाऱ्या उत्तराइतके नग विकले की घातलेले पैसे परत येतात.

पणत्यांसाठी २,८०० भागिले ६०, म्हणजे ४७ संच. कुंड्यांसाठी १,८०० भागिले ८०, म्हणजे २३. वाचनखुणांसाठी ६०० भागिले २०, म्हणजे ३०. सामायिक ८०० रुपये भरून काढायला आणखी १४ संच विकावे लागतील.

आता या आकड्यांकडे पुन्हा पाहा. वाचनखुणांचे १५० पैकी ३० नग गेले की मुद्दल सुटते, म्हणजे पाचातला एक. कुंड्यांत आणि पणत्यांत मात्र जवळजवळ निम्मा माल जावा लागतो. शिवाय पणती फुटते, कुंडीला पाणी घालावे लागते आणि वाचनखूण कपाटात वर्षभर तशीच राहते. नवीन मंडळाने पहिल्या वर्षी कशावर भर द्यावा, हे याच गणितातून कळते. कमी भांडवल, कमी नासधूस आणि उरले तर पुढच्या हंगामात विकता येईल असा माल आधी घ्या. खाद्यपदार्थांच्या मोहात सुरुवातीला पडू नका. त्यांची विक्री करायची तर एफएसएसएआयची नोंदणी लागते, आणि उरलेला माल दुसऱ्या दिवशी टाकावा लागतो.

फुटलेले आठ संचही हिशेबात धरा. शंभर संचांना २,८०० रुपये लागले, म्हणजे एक संच २८ रुपयांना पडला असे वाटते. पण विकण्याजोगे उरले ९२. त्यामुळे एक संच खरा पडला ३० रुपये ४३ पैशांना. पुढच्या वर्षी किंमत ठरवताना हा दुसरा आकडा घ्या.

न दिसणारा खर्च

वरच्या हिशेबात ४,२०० रुपये उरले. पण तोही शेवटचा आकडा नाही.

एक काकू सदर बाजारातून खोकी आणायला मेट्रोने दोनदा गेल्या. दुसऱ्या काकूंनी घरच्या प्रिंटरवर किमतींच्या चिठ्ठ्या छापल्या. एका बाबांनी कुंड्या स्वतःच्या गाडीतून आणल्या आणि पेट्रोलचे पैसे मागितले नाहीत. शनिवारी थांबलेल्या मुलांना कोणीतरी सामोसे आणि केळी दिली. "जाऊ दे, मुलांसाठीच तर आहे," असे म्हणून ही रक्कम कुठेच लिहिली गेली नाही. समजा, प्रवासाचे १,१०० रुपये, छपाईचे ३०० आणि खाऊचे ६००. म्हणजे २,००० रुपये.

हे धरले तर मंडळाची खरी शिल्लक २,२०० रुपये होते.

न लिहिलेल्या खर्चाचे दोन तोटे आहेत. पहिला असा, की वस्तूची किंमत कायम कमी ठरते, कारण तिचा खरा खर्च कोणालाच माहीत नसतो. दुसरा तोटा माणसांचा आहे. ज्या पालकाला महिन्याला तीनशे-चारशे रुपये सहज सोडता येतात, तो टिकतो. ज्याला येत नाहीत, तो कारण न सांगता गळतो. मंडळ "सगळ्या पालकांचे" म्हणवते, पण दोन वर्षांत ते सुखवस्तू पालकांचे होऊन बसते. म्हणून नियम साधा ठेवा: खर्च केला की चिठ्ठी द्यायची आणि पैसे घ्यायचे. ज्याला पैसे सोडून द्यायचे असतील, त्याने ते आधी घ्यावेत आणि मग देणगी म्हणून परत द्यावेत. दोन्ही नोंदी वहीत येतील. त्यामुळे पैसे मागणाऱ्याला ओशाळे वाटणार नाही आणि देणाऱ्याचे देणेही लपणार नाही.

वेळेचाही हिशेब एकदा करून पाहा. पाच पालकांनी हंगामात प्रत्येकी ३० तास दिले, तर १५० तास झाले. २,२०० रुपयांना १५० ने भागले, तर तासाला १५ रुपयांहूनही कमी येतात. ही मजुरी कोणी मागत नाही, मागूही नये. पण केवळ पैसे उभे करायचे असतील, तर प्रत्येकाने ५०० रुपये दिले असते तरी २,५०० जमले असते, हे आकडा सांगतो. म्हणजे तुम्ही दिलेला वेळ खरे तर मुलांच्या शिकण्यासाठी आहे. मग मुलांना घरी पाठवून रात्री अकरापर्यंत मोठ्यांनीच पणत्या रंगवायच्या, याला अर्थ राहत नाही.

हवा बिघडली तर?

दिल्लीत दिवाळीच्या जत्रेवर एक जोखीम कायम असते, ती म्हणजे प्रदूषण. २०२३ मध्ये दिवाळी १२ नोव्हेंबरला होती. हवा इतकी बिघडली की दिल्ली सरकारने हिवाळ्याची सुट्टी अलीकडे ओढून ९ ते १८ नोव्हेंबर शाळा बंद ठेवल्या. पुढच्या वर्षी, १८ नोव्हेंबर २०२४ पासून, प्रदूषणावरच्या उपाययोजनेचा चौथा टप्पा लागू झाला आणि वर्ग पुन्हा ऑनलाइन गेले.

आता आपले उदाहरण आठवा. पहिली पणती विकली जाण्याआधी ६,००० रुपये खर्च झालेले असतात. जत्रेच्या आदल्या दिवशी शाळेचे फाटक बंद झाले, तर माल आहे, गिऱ्हाईक नाही आणि पाच घरांचे पैसे अडकलेले, अशी गत होते.

यावर चार उपाय आहेत.

एक, खरेदी टप्प्याटप्प्याने करा. आधी २०० पणत्या आणा, त्या संपत आल्या की पुढच्या आणा. घाऊक खरेदीत थोडे पैसे वाचतात, पण न विकलेला माल सगळ्यात महाग पडतो.

दोन, आगाऊ मागणी घ्या. ऑक्टोबरच्या पालकसभेत नमुने दाखवून नावे आणि रक्कम लिहून घ्या. निम्म्या मालाची मागणी आधी आली, तर मुद्दल जत्रेआधीच सुटते. आगाऊ घेतलेले पैसे मात्र माल हातात देईपर्यंत मंडळाचे नसतात. जत्रा रद्द झाली तर वस्तू घरपोच द्या किंवा पैसे परत करा.

तीन, तारखेपुरताच उपयोगी असा माल कमी ठेवा. पणतीवर 'शुभ दीपावली २०२५' असे लिहिले, की ती पुढच्या वर्षी विकता येत नाही. साधी नक्षी काढली तर येते.

चार, गंगाजळी ठेवा. तिचा विचार पुढे केला आहे.

घरच्या आर्थिक नियोजनातही हेच चार उपाय असतात: सगळे पैसे एकदम न गुंतवणे, येणारे उत्पन्न शक्य तितके आधी पक्के करणे, मोडता येईल अशी गुंतवणूक ठेवणे आणि अडीअडचणीचा निधी बाजूला काढणे.

गल्ला कोणाच्या हातात?

लहान मंडळात पैशावरून होणारे बहुतेक वाद चोरीचे नसतात, सरमिसळीचे असतात. एकीच्या पर्समध्ये मंडळाचे पैसे असतात. त्यातूनच ती वाटेत दूध घेते आणि "नंतर टाकू" म्हणते. तिच्या मनात काही वाईट नसते. पण तीन आठवड्यांनी ३४० रुपये कमी का, हे तिलाही सांगता येत नाही आणि विचारणाऱ्यालाही विचारायचा संकोच वाटतो. अशा वेळी पैशाबरोबर मैत्रीही जाते.

म्हणून पुढचे नियम पहिल्याच बैठकीत ठरवा.

पैशांची पेटी वेगळी. मंडळाचे रोख पैसे कोणाच्याही घरच्या पैशात ठेवू नका. कुलूप असलेली पेटी शाळेच्या कार्यालयात ठेवता येते.

क्यूआर कोड कोणाचा, हे आधी ठरवा. आजकाल जत्रेतले निम्मे गिऱ्हाईक फोनवरून पैसे देते. तो कोड शाळेच्या किंवा तिच्या संस्थेच्या खात्याचा असावा. एखाद्या पालकाच्या खात्यावर पैसे घेतले, तर ते त्याच्या घरच्या व्यवहारांत मिसळतात आणि पुढे बँकेने किंवा प्राप्तिकर खात्याने विचारले, तर उत्तर त्यालाच द्यावे लागते. शाळेचा कोड मिळत नसेल, तर त्या वर्षी रोखीनेच विक्री करा.

मोजायला दोघे. संध्याकाळी गल्ला दोन माणसांनी मिळून मोजायचा आणि दोघांनी वहीत सही करायची. सकाळी सुट्टे म्हणून ठेवलेले ५०० रुपये आधी वेगळे काढायचे, नाहीतर तेही विक्रीत मोजले जातात.

रोजकीर्द एकच. साध्या वहीत पाच रकाने आखा: तारीख, तपशील, जमा, खर्च, शिल्लक. प्रत्येक खर्चाच्या पावतीला क्रमांक द्या आणि तोच तपशिलात लिहा. ज्याची पावती मिळत नाही, जसे रिक्षाभाडे, त्याची चिठ्ठी करून खर्च करणाऱ्याची सही घ्या.

हिशेब सगळ्यांना दाखवा. जत्रेनंतर पंधरा दिवसांच्या आत एका पानाचा जमाखर्च शाळेच्या फलकावर लावा. गणेशोत्सव मंडळाचा अहवाल वाचणारी माणसे आपल्या घरात आहेत. ती या पानावरही नजर टाकतील आणि पुढच्या वर्षी निःशंक मनाने पैसे देतील.

मुलांचे श्रम आणि मुलांचा पैसा

शाळेत मुलांनी वस्तू कराव्यात आणि त्या विकाव्यात की नाही, हा वाद आपल्याकडे जुना आहे. ऑक्टोबर १९३७ मध्ये वर्ध्याला महात्मा गांधींच्या अध्यक्षतेखाली शिक्षण परिषद भरली. हस्तोद्योगातून शिक्षण द्यावे आणि त्याच्या उत्पन्नातून शाळेचा खर्च हळूहळू भागावा, असा विचार तिथे मांडला गेला. अभ्यासक्रम ठरवण्यासाठी दिल्लीच्या जामिया मिलियाचे डॉ. झाकिर हुसेन यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. या समितीने योजना उचलून धरली, पण एक इशाराही दिला. मिळकतीवर जास्त भर दिला, तर शिक्षणाचा आणि संस्काराचा हेतू मागे पडेल, हा धोका तिने नोंदवून ठेवला.

तुमच्या मंडळालाही हा इशारा लागू आहे. विक्रीचा आकडा वाढावा म्हणून मुलांकडून दोनशे पणत्या घाईने रंगवून घेतल्या, तर ते शिक्षण राहत नाही. पण तेच मूल किंमत ठरवायला बसले, खर्चाची बेरीज केली, "आठ फुटल्या तर काय?" असे विचारू लागले, तर एका पणतीतही पाठ पूर्ण होतो.

दिल्ली सरकारने २०२१ मध्ये आपल्या शाळांतून 'बिझनेस ब्लास्टर्स' हा उपक्रम सुरू केला. अकरावी-बारावीच्या मुलांना धंद्याची कल्पना राबवायला प्रत्येकी २,००० रुपये बीजभांडवल दिले. यातली एक गोष्ट घेण्यासारखी आहे: भांडवल बाहेरून मिळाले, मुलाला ते घरून आणावे लागले नाही. दिल्लीच्या अनेक खासगी शाळांत शिक्षणहक्क कायद्याच्या २५ टक्के जागांवर आलेली मुले इतरांबरोबर एकाच वर्गात बसतात. "उद्या प्रत्येकाने ५० रुपये आणि दोन कुंड्या आणा," ही सूचना एका घरात ऐकूही येत नाही, दुसऱ्या घरात ती रात्रभर सलते. मुलांकडून वर्गणी घेऊ नका. कोणी किती वस्तू विकत घेतल्या याची यादी वर्गात वाचू नका. बरीचशी विक्री पालकांनाच होते, आणि खरेदीची सक्ती झाली की ती वर्गणीच होते.

मुलांना पैशाचा अनुभव द्यायचा असेल, तर त्यांना कामे वाटून द्या. सहावी-सातवीची दोन मुले कीर्द लिहू शकतात आणि एक मोठा माणूस ती तपासू शकतो. मुलाच्या स्वतःच्या बचतीसाठी आणखी एक सोय आहे. रिझर्व्ह बँकेने एप्रिल २०२५ मध्ये काढलेल्या सूचनेनुसार, दहा वर्षे पूर्ण झालेल्या मुलाला स्वतः चालवता येईल असे बचत खाते बँका उघडून देऊ शकतात. रकमेच्या मर्यादा आणि अटी प्रत्येक बँक ठरवते, म्हणून आपल्या शाखेत विचारा. मंडळाचे पैसे मात्र कोणत्याही मुलाच्या खात्यात ठेवू नका.

उरलेल्या २,२०० रुपयांचे काय?

जत्रेनंतरचा क्रम असा ठेवा. आधी पालकांचे ६,००० रुपये परत करा. मग प्रवास, छपाई, खाऊ यांचे २,००० रुपये चुकते करा. मग जे उरेल ते वाटून ठेवा.

आपल्या उदाहरणात २,२०० उरले. त्यातले निम्मे, म्हणजे १,१००, गंगाजळीत टाका. ६०० रुपये बियाणे आणि अवजारांना ठेवा. ५०० रुपये कशावर खर्च करायचे, ते मुलांना ठरवू द्या. पक्ष्यांसाठी पाण्याचे भांडे असेल, वाचनालयाला एक पुस्तक असेल किंवा सगळ्यांना मिळून आइस्क्रीम असेल. ठराव त्यांचा, सही त्यांची.

आता पुढचे पाहा. दर दिवाळीला आणि दर मार्चला १,१०० रुपये बाजूला पडले, तर वर्षाला २,२०० आणि तीन वर्षांत ६,६०० रुपये जमतात. सुरुवातीला लागणारे भांडवल ६,००० होते. म्हणजे चौथ्या वर्षी कोणाही पालकाकडे १,२०० रुपये मागावे लागत नाहीत. ज्याच्याकडे द्यायला पैसे नाहीत, फक्त वेळ आहे, तो पालकही आता बरोबरीने येऊ शकतो. एखादी जत्रा रद्द झाली तरी कोणाच्या घरचे पैसे बुडत नाहीत.

ही गंगाजळी शाळेच्या बचत खात्यात, वेगळ्या नोंदीने ठेवा. जास्त व्याजाच्या मोहाने ती लांब मुदतीत अडकवू नका. तिचे काम जुलैत हाताशी असणे हे आहे.

तुमचे स्वतःचे पाकीट

सेवा करताना घरचे अंदाजपत्रक कोलमडू देऊ नका. हंगामाच्या सुरुवातीलाच दोन आकडे ठरवा: आठवड्याला किती तास आणि महिन्याला किती रुपये. समजा, महिन्याला ३०० रुपये. ते एका पाकिटात वेगळे ठेवा. पाकीट संपले की त्या महिन्याचे देणे संपले. अडीअडचणीच्या निधीतून किंवा क्रेडिट कार्डावर मंडळासाठी खर्च करू नका.

मंडळाला उसने दिले, तर वहीत 'उसने' असे लिहून घ्या. देणगी दिली, तर 'देणगी' असे लिहा. न बोलता दिलेला पैसा पुढे दोन्ही बाजूंना वेगवेगळा आठवतो.

देणगीवर प्राप्तिकरात सूट हवी असेल, तर शाळा चालवणाऱ्या संस्थेकडे त्यासाठीची मान्यता आहे का, हे आधी विचारा आणि रीतसर पावती घ्या. ही सूट कराच्या जुन्या पद्धतीतच मिळते. २,००० रुपयांहून जास्त रोख दिलेल्या देणगीवर ती मिळत नाही. वस्तू दिल्या किंवा श्रम दिले, तर त्यावरही सूट नाही.

स्वाध्याय

१. तुमच्या मंडळाच्या गेल्या जत्रेतली एक वस्तू घ्या. तिच्यावरचा सगळा खर्च लिहा, न लिहिलेलाही. फुटलेले आणि खराब झालेले नग वजा करून एक नग खरा कितीला पडला ते काढा.

२. त्या वस्तूचे किती नग विकले की मुद्दल सुटते? प्रत्यक्षात किती गेले?

३. जत्रेच्या आदल्या दिवशी शाळा बंद झाली असती, तर कोणाचे किती रुपये अडकले असते? नावे न लिहिता फक्त रकमा लिहा.

४. मंडळाला लागणारे सुरुवातीचे भांडवल दर हंगामाच्या बचतीतून किती वर्षांत उभे राहील? हा आकडा पुढच्या बैठकीत मुलांना काढायला सांगा.

लक्षात ठेवा

विक्रीतून सगळा खर्च वजा केल्यावर उरते ती शिल्लक. खर्च करणाऱ्याने चिठ्ठी द्यावी आणि पैसे घ्यावेत. गल्ला दोघांनी मोजावा. मंडळाचा पैसा आणि घरचा पैसा एका पर्समध्ये ठेवू नये. दर हंगामात थोडे बाजूला टाकावे, म्हणजे पुढच्या वर्षी कोणाकडे हात पसरावा लागत नाही.